गुडघ्यातला पुरावा

आमच्या आतोबांनी उभ्या जन्मात कुणाचं म्हणणं पुराव्याशिवाय मान्य केलं नाही, आणि कुणी पुरावा आणून दाखवलाच तर आधी त्या पुराव्यावर संशय घेतला. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि गिरणीत मागावर कापड विणत. मूळचे मालवणकडचे. गाव सोडून किती वर्षं झाली तरी बोलणं मालवणीच राहिलं आणि ताटातली मासळीही हटली नाही. मी गिरगावात राहायचो, एका कचेरीत नुकताच चिकटलो होतो, आणि रविवारी ट्रामने लालबाग गाठून आत्याच्या हातचं जेवायचं हा माझा नेम होता. दारात पाऊल टाकताच आतोबा विचारत, "उपाशी इलंस मां?" मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "पुरावो?" मग माझ्या पोटावर दोन बोटं वाजवून बघत, आवाजाने समाधान झालं तरच पाट मांडायला सांगत.

हा नुसता थट्टेचा भाग नव्हता. चाळीत एक प्रवचनकार बुवा आले आणि मागच्या जन्मी आपण हिमालयात तप करत होतो म्हणाले, तेव्हा भरल्या सभेत आतोबांनी उठून विचारलं की तिथली थंडी सोसलेल्या माणसाला लालबागच्या पंख्याखाली मफलर कशाला लागतो. पुतणीला स्थळ सांगून आलं, मध्यस्थाने मुलगा निर्व्यसनी असल्याचं सांगितलं, तेव्हा आतोबा मुलाच्या गिरणीच्या दारावर जाऊन बिडीचा वास येतो का, म्हणून त्याची बोटं हुंगून आले. शेजारचे एक म्हातारे गेले, त्या वेळची गोष्ट तर अजून चाळीत सांगतात. बायका रडायला लागल्या होत्या, कुणी फुलं आणायला धावलं होतं, आणि आतोबांनी खिशातून गिरणीतलं सूत काढून म्हाताऱ्याच्या नाकापुढे धरलं. सगळे ताटकळले. सूत हललं नाही. आतोबांनी ते बोटाला गुंडाळून पुन्हा खिशात ठेवलं, म्हाताऱ्याच्या पायाशी बसले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडले. पुरावा मिळाल्यावर त्यांना रडताना कुणी थांबवू शकत नसे.

एका गोष्टीचा पुरावा मात्र त्यांनी कधी मागितला नाही. मुंबई आपली, ही ती गोष्ट. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणगावात चहाच्या कपापासून देवळाच्या ओट्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. समोरच्या खोलीत एक जॉबर राहत, म्हणजे गिरणीतले मुकादम. आतोबांना डिवचणं हा त्यांचा विरंगुळा होता. ते एकदा गॅलरीतून म्हणाले, "सगळ्यांकडे पुरावा मागता ना? मुंबई तुमची कशावरून, सांगा पाहू." आतोबांनी आपले दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर धरले. सुताने कापलेली, काळी पडलेली ती बोटं बघून जॉबर गप्प बसले. निदान त्या दिवसापुरते तरी.

आता गुडघ्याकडे येतो. आतोबांच्या अंगात दुखणं आपण होऊन कधी आलं नाही. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे एक आरोपी असे. खोकला गिरणीने दिला, दात दुखला तर तो काथ घालणाऱ्या पानवाल्यामुळे. एकदा पायाचा अंगठा रात्रीतून टम्म फुगला, पांघरूण लागलं तरी ओरडावंसं वाटे, तेव्हा मागावरचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी ठोकळा, अंगठ्यावर पडला असं त्यांनी जाहीर केलं. धोटा कधी पडला, हे त्यांना आठवत नव्हतं. आपल्या बाबतीत ते पुराव्याचा कायदा जरा सैल ठेवत, हे मला मान्य करायला हवं.

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा फ्लोरा फाउंटनकडे गेला त्या दिवशी आतोबा त्यात होते. त्यांच्याबरोबर होता त्यांच्या शेजारच्या मागावरचा जोडीदार, साताऱ्याकडचा एक उमदा गडी. ह्या गड्याला मासळीची भारी भीती होती. काटा घशात अडकून माणूस मरतो, असं त्याला घरून सांगितलेलं. आतोबांनी त्याला जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातल्या तारल्या खायला शिकवल्या. काटा जिभेने कसा वेगळा करायचा, याची रोज शिकवणी चाले. शेवटी शेवटी तो गडी आतोबांच्या आधीच डब्याला हात घालू लागला होता. त्या दिवशी लाठ्या चालल्या, मग गोळ्या चालल्या. जोडीदार तिथेच पडला. आतोबा संध्याकाळी लंगडत घरी आले, आणि सकाळी त्यांचा उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

लाठी बसली होती, यात चाळीत कुणालाच शंका नव्हती. लोक बघायला येत, आतोबा धोतर वर करून गुडघा दाखवत. सभांमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची यायला लागली. खुर्ची आली की ते उभेच राहत, कारण बसलेला माणूस जखमी आहे हे लांबून कळत नाही. सूज पंधरवड्यात उतरली, पण काही महिन्यांनी पुन्हा आली, मग पुन्हा. शिमग्याला आली, कुणाच्या हळदीला जाऊन आल्यावर आली. दारूबंदी असल्यामुळे अशा समारंभांत आतोबा काय पीत ते मी इथे लिहीत नाही. दर वेळी ते म्हणत, "लाठी उसाळली." आत्या मुकाट्याने हळद आणि चुना खलून त्याचा लेप गुडघ्यावर थापी.

मग एकदा सुजेबरोबर तापही भरला. पाय टेकेना, तेव्हा त्यांना परळच्या एका इस्पितळात घातलं. तिथले मोठे सर्जन आले, गुडघ्यावर नुसता हात ठेवून म्हणाले, "आत पू झालाय. उघडून धुवावा लागेल. गुडघा पुढे वाकेल याची खात्री नाही." मागावर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला न वाकणारा पाय म्हणजे गिरणी संपली. आत्या पदर तोंडाला लावून बसली. सर्जनांच्या हाताखाली दादरचा एक तरुण डॉक्टर होता, बारीक, चष्मेवाला, डोळ्यांखाली अभ्यासाने काळी वर्तुळं पडलेला. तो मागे थांबला आणि त्याने आतोबांना उलटे प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंगठा कधी सुजला होता का? काय खाल्ल्यावर दुखतं? सगळं ऐकून तो म्हणाला, "मला हा पू वाटत नाही. हा गाऊट असावा. रक्तातला एक क्षार सांध्यात साचतो, त्याचे सुईसारखे कण होतात. गाऊट ठरला तर गोळ्यांनी भागेल, सुरी लागणार नाही. पूर्वी याला राजेरजवाड्यांचा रोग म्हणत."

मला वाटलं, आतोबा त्याला मिठी मारतील. आतोबा तापातही उठून बसले. "राजेरजवाड्यांचो? मी मागार काम करतंय मागार! ही पोलिसाची लाठी आसा. तू त्या दिवशी फाउंटनाक होतंस? नाय मां? मगे?" आणि शेवटी अपेक्षित तो शब्द आलाच, "पुरावो दाखय!"

डॉक्टर तरुण होता, आणि पुरावा मागणारा रोगी त्याला पहिल्यांदाच भेटला असावा. तो खूश झाला. गुडघ्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, कण दिसले तर गाऊट, असं त्याने सांगितलं. त्या काळी असं कुणी करत नसे. इस्पितळात त्याला सगळे खुळाच समजत. आतोबांनी दात आवळून सुई घेतली, पिवळसर पाणी बाटलीत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई बंद झाली. बंद कडकडीत होता. आतोबा वॉर्डातल्या खाटेवरून येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत होते, "ट्राम नाय मां चलत? गिरणी नाय मां चलत?" प्रयोगशाळाही चालत नव्हती, हे त्यांच्या आनंदात भरच घालत होतं. बाटली खिडकीत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने त्यातला थेंब तपासला तेव्हा एकही कण दिसला नाही. जंतूही दिसले नाहीत, पण सर्जन म्हणाले, जंतू लपतात.

आतोबा जिंकले. सगळ्या वॉर्डाला त्यांनी ते सांगितलं. आता गंमत अशी, की सर्जनही जिंकले. कण नाहीत म्हणजे गाऊट नाही, गाऊट नाही म्हणजे पू, पू म्हणजे सुरी. एका निकालावर दोन माणसं खूश होती, आणि त्यातल्या एकाच्या गुडघ्यावर सुरी चालणार होती. मी आतोबांना हे समजावायला गेलो. त्यांनी मला हाताने थांबवलं. "लाठी ठरली ना? मगे पुढचा पुढे बघू." डॉक्टर बिचारा खालच्या आवाजात सांगत होता की पाणी शिळं झालं की कण विरघळतात, ताजंच बघायला हवं होतं, कण न दिसणं म्हणजे कण नसणं नव्हे. आतोबांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमच्या त्या यंत्रात दिसाक नाय तरी आसा, असा म्हणतास? मगे त्या हिमालयातल्या बुवात आणि तुमच्यात फरक तो काय?"  

तरी सर्जनांकडून डॉक्टरने चार दिवसांची सवड मागून घेतली आणि पुन्हा सुई घातली. या वेळी बाटली हातात धरून तो प्रयोगशाळेकडे अक्षरशः धावला. अर्ध्या तासात परत आला तो चेहरा उजळलेला. कणच कण! आत्याने देवाला हात जोडले, आतोबांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी तोच डॉक्टर पुन्हा आला, चेहरा पडलेला. कण सुईसारखे नव्हते, ओबडधोबड होते. त्याच्या मनात शंका आली म्हणून त्याने त्यावर आम्लाचा थेंब टाकला, तर बारीक बुडबुडे फुटले. तो आतोबांचा गुडघा वाकून वाकून न्याहाळत राहिला. मग त्याने विचारलं, "इथे काही लावलं होतं का?"  आत्याने पदराखालून एक छोटा डबा काढला. रोज भेटीच्या वेळेत, नर्सची पाठ वळली की, ती गुडघ्यावर हळद-चुना थापत होती आणि निघताना ओल्या फडक्याने पुसून टाकत होती. डॉक्टरने स्पिरिटने पुसलं होतं खरं, पण इतक्या महिन्यांचा चुना कातडीच्या सुरकुत्यांत मुरलेला. सुई त्यातूनच आत गेली होती. डॉक्टरने आनंदाने पाहिलेला रोग पानाच्या तबकातल्या चुन्याचा होता.

आतोबा इतके हसले की खाट हलली. हसताना गुडघा दुखला म्हणून ओरडले आणि ओरडून पुन्हा हसले. डॉक्टरने तिसऱ्यांदा पाणी काढायचं म्हटलं तेव्हा मात्र त्यांनी पाय पोटाशी घेतला. "दोन वेळा सुटलंय मी. एकाच गुन्ह्यासाठी किती वेळा खटलो चालवशात? उद्या कापूचा आसा तर कापा. पण ही लाठी आसा."

तोपर्यंत मला वाटत होतं की हा नुसता हट्ट आहे. त्या क्षणी कळलं की तसं नव्हतं. साऱ्या जगाकडे पुरावा मागणाऱ्या ह्या माणसाकडे त्या दिवसाचा स्वतःचा पुरावा एकच होता, तो म्हणजे हा गुडघा. जोडीदार गेला आणि आपण जिवंत घरी आलो, आणि गुडघा सोडला तर अंगावर एक ओरखडाही नव्हता. हा गुडघा राजाच्या रोगाने सुजला असेल, तर मग त्या दिवसातलं त्यांच्या वाट्याला काय आलं? काहीच नाही. पायापेक्षा त्यांना ती लाठी जास्त हवी होती. 

मग आत्या बोलली. आमची आत्या कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "पुरावो, पुरावो! जल्मभर ह्याच ऐकत इलंय. त्या दिवशी तुमचो सदरो मी धुतलंय. तेच्यार कोणाचा रगत होता ता माका ठावक आसा. तुमी त्या पोराक मांडयेर घेवक नसता, तर ता रगत तुमच्या सदऱ्यार इला खंयसून? माका तुमचो गुडघो बघून खरा वाटाक होया काय?" तिचा आवाज फाटला. मग तिने डोळे पुसले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाली, "पाय फुडे करा."

आतोबांनी पाय पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्यांनी उलट प्रश्न न विचारता केली असावी.

या वेळी आत्याने स्वतः साबणाने गुडघा घासून घासून लाल केला. डॉक्टरने सूक्ष्मदर्शक उचलून वॉर्डातच खिडकीपाशी आणून ठेवला, सुई घातली, तिथल्या तिथे थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. बराच वेळ तो काच सरकवत होता. यंत्राखालचा आरसा फिरवून उजेड कमी कर, जास्त कर, असं चाललं होतं. कण होते, पण फार थोडे. साध्या उजेडात नजर चुकवणारे. शेवटी तो बाजूला झाला आणि आतोबांना म्हणाला, "मी सांगणार नाही. तुम्हीच बघा." मी आणि एका वॉर्डबॉयने आतोबांना दोन बाजूंनी धरून नेलं. धाग्यातला बारीक गुंता रोज हुडकणारी त्यांची नजर. त्यांनी एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिलो.

"सुयो आसत," आतोबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आमच्या गिरणीतल्या सुयांपेक्षा बारीक." मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ह्यात लाठी खंय दिसता काय?"

डॉक्टर हुशार होताच, पण त्या दिवशी तो शहाणाही आहे हे कळलं. तो म्हणाला, "लाठी यात दिसत नाही. पण मार बसला की हा रोग उसळतो, हेही खरं. लाठी बसली नव्हती, असं हे यंत्र सांगू शकत नाही."

आतोबा सरळ उभे राहिले. "मगे ह्या यंत्र अर्धवट आसा," असं बजावून लंगडत खाटेवर गेले, आणि गोळ्यांसाठी त्यांनी हात पुढे केला.

सुरी टळली. गोळ्यांनी पोट बिघडलं, पण आठवड्याच्या आत गुडघा वाकायला लागला, आणि आतोबा पुन्हा मागावर उभे राहिले. पथ्य मात्र भयंकर होतं. तारल्या बंद, बांगडा बंद, कलेजी बंद, हळदीचे समारंभ बंद. आत्याने ते पथ्य इतक्या कडकपणे पाळलं की मलाही रविवारी डाळ-भात खावा लागला. चाळीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. जॉबर गॅलरीत टपूनच बसले होते. "काय हो, लाठी लाठी म्हणत होता, तो राजरोग निघाला म्हणे!" आतोबा जिना चढून आलेले, अजून धापा टाकत होते. वळून म्हणाले, "राजरोग तर राजरोग! मुंबय आमची, मगे राजे कोण? तू?" खालच्या मजल्यापर्यंत लोक हसले. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. त्या दिवशी लालबागला घरोघर दिवे लागले होते. आतोबा सगळ्या मिरवणुकीबरोबर चालले, आणि त्यांना खुर्ची द्यायची कुणाची छाती झाली नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. वर्षभर गोळ्या आणि डाळ-भात यांवर राहणाऱ्या आतोबांचा गुडघा दर वर्षी एकदा सुजायचा, आणि तो बरोबर एकाच सुमाराला. जोडीदार गेला त्या तारखेला आत्या, जी एरवी घरात सुका मासाही येऊ देत नसे, ती सकाळी स्वतः लालबागच्या बाजारात जाऊन तारल्या आणी. दोघं समोरासमोर बसून जेवत. तिसरं एक ताट वाढलेलं असे.  एकदा त्या दिवशी मी अचानक गेलो, तेव्हा आतोबा त्या तिसऱ्या ताटातली तारली उचलून तिचा काटा जिभेने नीट वेगळा करत होते. मला बघून म्हणाले, "बस." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे भुकेचा पुरावा मागितला नाही. दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला. ते धोतर वर करून गॅलरीत बसले, आणि चाळीतल्या नव्या भाडेकरूने विचारलं, काय झालं हो, तर ताठ मानेने म्हणाले, "लाठी." आत्या आतून बघत होती. तिने गोळी आणि पाणी आणून ठेवलं, पण ते संध्याकाळ होईपर्यंत घ्या म्हणाली नाही.

आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या नाकापुढे सूत धरणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीच धरलं. आत्याही गेली. जोडीदाराच्या त्या दिवशी मी अजूनही बाजारातून तारल्या आणतो, घरच्यांना कारण सांगत नाही, आणि काटा जिभेने वेगळा करून शांतपणे जेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर उजवा गुडघा उगीच चाचपून बघतो. तो आपला धडधाकट असतो. मला त्याचं जरा वाईटच वाटतं.